वाद्यं कुठे थांबतात



स्नेहसंमेलनाच्या पाहुण्याने यशाची गुरुकिल्ली आणायची असते. मी मात्र एक अल्बम घेऊन आलो आहे. अमेरिकन गायक-गीतकार सूफ्यान स्टीव्हन्स यांचा २००५ साली निघालेला 'इलिनॉय'. या पडद्यामागे आत्ता कुणी ढोलकी लावत असेल, कुणी कीबोर्डची वायर शोधत असेल, म्हणून हा विषय इथेच बोलावासा वाटतो. गाण्यातल्या वाद्यमेळाबद्दल आपली एक समजूत असते: शब्द आणि चाल म्हणजे घर, आणि वाद्यं म्हणजे लग्नासाठी त्यावर सोडलेल्या दिव्यांच्या माळा. माळा काढल्या तरी घर तेच. ही समजूत चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. कुठलं वाद्य कधी वाजेल आणि कधी गप्प राहील हे ठरवणं हा गाण्यातल्या विचाराचाच भाग असतो, आणि त्याचा पुरावा म्हणून 'इलिनॉय'इतका सोयीचा अल्बम मला दुसरा माहीत नाही.

आधी थोडी ओळख. बावीस तुकडे, सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटं. व्हायोलिन-चेलोंची चौकडी, ट्रम्पेट, समूहगायन. आणि बॅन्जो, पियानो, ओबो, अकॉर्डियन अशी पुष्कळ वाद्यं स्टीव्हन्स यांनी स्वतः वाजवलेली. हे सगळं न्यूयॉर्कमध्ये तुकड्यातुकड्याने ध्वनिमुद्रित होऊन एकावर एक रचलं गेलं. शंभर वादक एका दालनात बसवून केलेलं हे काम नव्हे. माणूस जन्माने शेजारच्या मिशिगन राज्यातला, डेट्रॉइटचा. इलिनॉय त्याचं घर नाही, म्हणून त्याने त्या राज्याचा अभ्यास केला. कवी कार्ल सँडबर्ग वाचला, कादंबरीकार सॉल बेलो वाचला, इतिहास चाळला. त्या अभ्यासाचं काय झालं ते शीर्षकगीतात ऐकू येतं. गाण्याचा पहिला भाग १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाविषयी आहे. जगातलं पहिलं फेरिस चाक तिथे फिरलं, आणि ज्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. हा भाग पाच मात्रांत आहे, म्हणजे झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाएवढा. पाश्चात्त्य पॉप गाणं सहसा चार मात्रांत चालतं. पाचव्या मात्रेमुळे इथे सगळं सतत पुढे कलंडल्यासारखं, घाईत असल्यासारखं वाटतं. प्रगतीचा डामडौल आणि त्यातली धाप, दोन्ही. मग दुसरा भाग येतो, लय चार मात्रांवर स्थिरावते, तंतुवाद्यं पसरतात, आणि स्वप्नात आलेला सँडबर्ग लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयीच विचारणा करतो. बाहेरच्या गर्दीतून आतल्या प्रश्नाकडे झालेला हा प्रवास शब्दांच्या आधी मात्रांनी केलेला असतो.

यावर आक्षेप येईल की चांगलं गाणं नुसत्या गिटारवरही उभं राहतं, मग एवढा पसारा कशाला? सुदैवाने या प्रश्नाचं उत्तर देणारा प्रयोग गायकानेच करून ठेवला आहे. अल्बममधलं सर्वांत गाजलेलं गाणं 'शिकागो'. पुढच्याच वर्षी उरलेल्या गाण्यांचा 'द ॲव्हलांच' हा संग्रह आला, त्यात याच गाण्याची आणखी तीन रूपं आहेत, आणि त्यांतलं एक साध्या गिटारचं आहे. ते उत्तम आहे, हे मी आधीच कबूल करतो. पण ते दुसरं काहीतरी सांगतं. गिटारवर गाण्यातला प्रवासी एकटा माणूस असतो, आपल्या चुकांचा हिशेब मनाशी करणारा. मूळ रूपात तीच कबुली समूहस्वर उचलून धरतात, ट्रम्पेट आणि तंतुवाद्यं तिला रस्त्यावर आणतात, आणि एकाची चूक सगळ्या प्रवाशांची होते. चाल तीच, शब्द जवळजवळ तेच. अर्थ मात्र हलला. दिव्यांच्या माळांनी घराचा नकाशा बदलत नाही. (आपल्याकडे हे काम सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांत किती वर्षं केलं, आणि श्रेयनामावलीत त्यांना किती बारीक अक्षर मिळालं, हा वेगळ्या भाषणाचा विषय.)

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: अल्बममध्ये अति झालं आहे. हो, झालं आहे. काही तुकडे एक मिनिटाचेही नाहीत आणि त्यांची शीर्षकं मात्र परिच्छेदाएवढी. ती थट्टा दुसऱ्यांदा ऐकताना शिळी होते. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांवर एकेक अल्बम करण्याची घोषणा झाली होती. झाले दोनच, आणि तो प्रसिद्धीचा डाव होता हे पुढे त्यांनीच मान्य केलं. पण या आक्षेपात एक गृहीतक लपलेलं आहे, की ज्याच्याकडे खूप वाद्यं आहेत तो ती सगळीकडे वाजवणारच. इथे ते टिकत नाही. याच अल्बमवर जॉन वेन गेसी या शिकागो परिसरातल्या खुन्यावर गाणं आहे. तेहतीस बळी घेणारा हा माणूस. इतका भयंकर विषय, आणि ढोल नाही, तंतुवाद्यांचा कल्लोळ नाही. गिटार, पियानो आणि जवळजवळ कुजबुजणारा आवाज, जो शेवटी बोट स्वतःकडेच वळवतो. आधीची वाद्यांची दाटी ऐकलेली असल्यामुळेच ही रिकामी जागा अंगावर येते. पहिल्यापासून नुसती गिटार वाजत असती तर इथे काही काढून घेतलंय हे कानाला कळलंच नसतं.

'कॅसिमिर पुलास्की डे' हे गाणंही असंच. पुलास्की हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढून मेलेला पोलिश घोडदळ अधिकारी. इलिनॉयमध्ये मार्चच्या पहिल्या सोमवारी त्याच्या नावाचा दिवस पाळतात. गाण्यात त्याची एकही लढाई नाही. आहे ती कर्करोगाने आजारी असलेली एक मुलगी, तिच्यासाठी केलेल्या प्रार्थना, आणि त्या सुटीच्या सकाळी तिचं जाणं. साथीला गिटार आणि बॅन्जो, फार काही नाही. ट्रम्पेट येतो तो बराच उशिरा, सांगायचं जवळजवळ संपल्यावर, आणि तोही न ओरडता.