गोवराची दुसरी सुई



गोवर म्हणजे मुलांचा नेहमीचाच आजार, येतो आणि जातो, असे आपल्याकडे पुष्कळ जण मानतात. येतो हे खरे. पण जाताना काय घेऊन जातो ते पाहा. पुरळ मावळते, ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी पोर न्यूमोनियाने नाहीतर हगवणीने दगावते. दोष लागतो हगवणीला; गोवराचे नाव कोणी काढीत नाही. हा रोग अंगातली कमावलेली प्रतिकारशक्ती पुसतो, 'अ' जीवनसत्त्व ओढून घेतो. अशक्त मुलाचे डोळेही जातात. दाराला कडुलिंबाचा डहाळा खुशाल बांधा, पण मुलाला आरोग्य केंद्रातही न्या.

गोवराची लस १९६३ साली अमेरिकेत निघाली. आपल्या देशात १९८५ पासून ती सार्वत्रिक लसीकरणात आली. २००० साली जगात गोवराने साडेसात लाखांवर माणसे गेली, बहुतेक बालकेच. २०२३ साली तो आकडा लाखाच्या आसपास आला. तरी २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे साथ उठलीच, कारण तिथल्या पुष्कळ मुलांना लस पोचली नव्हती.

पहिली सुई नऊ महिने पूर्ण झाल्यावर. ती तशी लक्षात राहते. राहून जाते ती सोळा ते चोवीस महिन्यांतली दुसरी. पोर तोवर अंगणात धावू लागलेले असते. त्यात साकोली-लाखांदूरकडे रोवणी लागली, की बाया सकाळीच बांधीत उतरतात. अंगणवाडीत सुईचा दिवस कोण आठवणार?

कोणी विचारील, एकदा टोचले ना, मग पुन्हा कशाला? बरं का, नवव्या महिन्यात टोचलेल्या शंभरांतल्या पंधराएक मुलांत पहिली सुई धरतच नाही. रोवणीनंतर आपण नांगे भरतोच ना? दुसरी सुई म्हणजे ते नांगे भरणे. गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना लावतो, म्हणून गावातल्या शंभरापैकी पंचाण्णव मुलांना दोन्ही सुया हव्यात.

आणखी एक. ही लस कोरडी भुकटी असते. पाण्यात कालवली की चारच तास चालते, मग फेकावी लागते. दुपारी उशिरा येणाऱ्या आईला सिस्टरबाई त्या कुपीतली सुई देत नाहीत, तो त्यांचा नखरा नव्हे.

शिक्षक मित्रांनो, २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम आपल्याच शाळांतून झाली. तेव्हाची घाई आता नाही, पण काम उरलेले आहे. अंगणवाडीतून येणाऱ्या मुलाचे लसीकरण कार्ड एकदा पाहा. राहिलेली सुई पाच वर्षांपर्यंत देता येते.

दिवाळीनंतर जी घरे कामाला बाहेरगावी जातात, त्यांनी कार्ड सोबत न्यावे; तिथल्या सरकारी दवाखान्यातही सुई फुकटच मिळते. कार्ड हरवले म्हणून थांबू नये. आशाताईंना सांगा, नोंद रजिस्टरात सापडते.