कासारीकाठी गळ टाकताना

माघ सरला की पाण्यातला गारठा कमी होऊ लागतो. मासा थंड रक्ताचा. पाण्याची ऊब वाढते तशी त्याची भूकही वाढते. म्हणून गळ टाकायला हे दिवस चांगले.

पन्हाळा तालुक्यात कासारी नदीवर यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपल्यावर त्यांत बरगे घालून पाणी अडवतात. या संथ फुगवट्यात मासा टिकतो. खाली प्रयाग चिखलीला कासारी इतर नद्यांना मिळते आणि पंचगंगा सुरू होते. तिथला काठही गळासाठी चांगला.

कोणता मासा हवा, त्यावर गळाची खोली ठरवा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी. त्यांना कणकेचा गोळा चालतो. चिलापी उथळ काठाला गांडुळावर येते. मरळ हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे अधूनमधून वर येतो. पाणवनस्पतींच्या कडेला बुडबुडा दिसला की तिथेच छोट्या माशाचं आमिष सोडा. वाम आणि शिंगटा अंधार पडताना तळाशी शोधावेत.

सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर बसा. पाण्यावर सावली पडू देऊ नका, काठावर पाय आपटू नका. धरणातून उसासाठी पाणी सुटलं की पातळी अचानक वाढते, तेव्हा बंधाऱ्याखाली उतरू नका. नदीऐवजी तलावावर बसणार असाल आणि त्याचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असेल, तर आधी परवानगी घ्या. आणि बोटभर पिल्लं गळाला लागली, तर अलगद सोडवून पुन्हा पाण्यात सोडा.