व्यायामाच्या तासाची भीती



व्यायामाच्या तासालाच ज्याचे नेमके पोट दुखते, त्या मुलास आम्ही बरीच वर्षे आळशी समजत होतो. असाच एक मुलगा मल्लखांबावरून घसरला असता आम्ही त्यास सर्वांसमक्ष पुन्हा चढावयास लावले. वर्ग हसला, खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. तो पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही.

त्याला भय खांबाचे नव्हते, हसण्याचे होते, हे आम्हांस उमगेपर्यंत तो शाळा सोडून गेला होता. पुढे अशा मुलांस आम्ही शाळा भरण्यापूर्वी एकेकटे बोलावू लागलो. एरंडेल लावलेल्या खांबास प्रथम केवळ मिठी मारावयाची. ती जमली म्हणजे साधी अढी. स्पर्धा नाही. कालच्यापेक्षा दोन अंक मोजेपर्यंत अधिक टिकला, की शाबासकी.

खाशाबा जाधवांचे १९५२ सालचे हेलसिंकीचे कांस्यपदक सर्वांस ठाऊक असते. आम्ही मुलांस आधी त्यांचा १९४८ सालचा लंडन येथील सहावा क्रमांक सांगत असू.

आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहात एक मल्लखांब पुरावा, अशी आमची विनंती आहे. जागा मात्र मागील अंगणात, रस्त्यावरून न दिसणारी असावी.