‘जेंटल’ : एका विशेषणाची कुळकथा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



आपल्या देवळाच्या इतिहासावर बोलणारे अधिकारी वक्ते या महोत्सवास लाभलेच आहेत. मी पडलो इंग्रजीचा निवृत्त शिक्षक. तेव्हा एकाच शब्दाविषयी, आणि तोही परभाषेतील, चार गोष्टी आपणांपुढे ठेवण्याची परवानगी मागतो. तो शब्द म्हणजे ‘जेंटल’.

या शब्दाचे मजवर एक जुने ऋण आहे. शिक्षकी पेशाच्या पहिल्याच वर्षी इयत्ता आठवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिले, ‘जेंटल म्हणजे मवाळ.’ मागल्या बाकावरील एका मुलाने उभे राहून विचारले, ‘सर, मग जेंटलमन म्हणजे मवाळ माणूस का?’ वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला आणि तास संपेपर्यंत मी त्याला बाकावर उभे केले. वास्तविक प्रश्न रास्त होता. उत्तर मजपाशी नव्हते, इतकेच. ज्या शब्दाचा अर्थ मी शिकवीत होतो, त्याच्या नेमके उलट वर्तन मी त्याच तासाला केले. आजचे भाषण म्हणजे त्या मुलाला फार उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम माझी चूक सांगतो. ‘मवाळ’ या शब्दाला मराठीत एक डाग लागलेला आहे. काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ असे दोन पक्ष पडले व 1907 साली सुरतेस त्यांची फूट झाली, हे आपण जाणताच. त्या वादात ‘मवाळ’ हे नाव हिणविण्यासाठीही वापरले गेले. मवाळ म्हणजे ज्याच्या अंगी जोर नाही, असा एक अर्थ मनात राहून गेला. ‘जेंटल’ या शब्दात मात्र जोराचा अभाव मुळीच नाही.

इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यातील उदाहरणे घ्या. आच जेंटल असते, तिला आपण मंद आच म्हणतो. चढ जेंटल असतो, म्हणजे छातीवर न येणारा. एखादी गोष्ट जेंटल रीतीने सुचविली, म्हणजे चारचौघांत अपमान न करता हळूच कानावर घातली. मंद आचेवरही अन्न शिजतेच, सोप्या चढानेही डोंगरमाथा गाठता येतो आणि हळूच सांगितलेली चूकही चूकच असते. कार्य पूर्ण होते, मात्र कोणास चटका बसत नाही.

याचा उत्तम दाखला वाऱ्याचा आहे. ब्यूफर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने 1805 साली वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी आखली. तीत शून्य म्हणजे निवांत आणि 12 म्हणजे तुफान. ‘जेंटल’ वाऱ्याचा क्रमांक शून्य नव्हे, तीन आहे. ताशी सुमारे 12 ते 19 किलोमीटर वेगाचा हा वारा. त्याने झाडांची पाने व बारीक डहाळ्या सतत हलत राहतात, हलके निशाण फडकते. आपल्या कोळी बांधवांस हे सांगणे नकोच. वारा पडला की शीड लोंबकळते. अशा वाऱ्यावर होडी चालते आणि उलटतही नाही.

हाच शब्द क्रियापद होऊन घोड्यासही लागतो. घोड्यास ‘जेंटल’ करणे, म्हणजे मारझोड न करता, धीराने त्याला माणसाळविणे. घोड्याचे बळ त्याने तसूभरही घटत नाही. ते लगामाखाली येते. शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात ज्या सौम्य जनांस धन्य म्हटले आहे, त्यांच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘प्राउस’ हे विशेषण आहे. ग्रीक लेखक ते माणसाळविलेल्या जनावरासही लावीत. आणि ॲरिस्टॉटलने या गुणाची जागा कोपिष्टपणा व कधीच न रागावणे यांच्या मधोमध ठरविली आहे. योग्य कारणासाठी, योग्य वेळी, योग्य तेवढाच रागावतो, तो त्याच्या मते या गुणाचा धनी. त्या तासाला माझा राग या तीनही कसोट्यांवर उतरला नसता.

आता या शब्दाचे कूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘जेन्स’ म्हणजे कूळ, आणि ‘जेन्टिलिस’ म्हणजे त्या कुळातला, आपल्यातला. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘जेंतील’ म्हणजे कुलीन, आणि तेथून तेराव्या शतकात तो इंग्रजीत आला. म्हणजे जेंटलमन हा आरंभी मवाळही नव्हता आणि सभ्यही नव्हता. तो केवळ खानदानी होता. त्याचा स्वभाव कसा, हे कोणी विचारीत नसे.

परंतु त्याच लॅटिन शब्दाची दुसरी शाखा उलट दिशेने वाढली. ख्रिस्ती लेखकांनी ‘जेन्टिलिस’ हा शब्द परधर्मीयांस, ‘त्या इतर लोकांस’ लावला; त्यावरून इंग्रजीत ‘जेंटाइल’ आणि पोर्तुगीजांत ‘जेंतिउ’ झाला. वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्या अमलात येथील हिंदू शेजाऱ्यांस कागदोपत्री हेच नाव असे. त्याचाच अपभ्रंश इंग्रजांनी ‘जेंटू’ असा केला. हॅलहेडने 1776 साली हिंदू धर्मशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नावात तो आहे. पाहा, एका शाखेत ‘आपल्यातला’, म्हणून थोर. दुसऱ्या शाखेत ‘आपल्यातला नव्हे’, म्हणून परका. कुळाची भिंत बांधली की तिला आत आणि बाहेर अशा दोन बाजू होणारच.

ही भिंत ढासळली कशी? चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने बाथ गावच्या बाईच्या मुखाने सांगितलेल्या कथेत एक कुरूप वृद्धा आहे. ती आपल्या खानदानी नवऱ्यास बजावते की, कुलीनता ही शेताभातासारखी वारशाने उतरत नाही. ती देवापासून येते आणि आचरणाने दिसते. पुढे सोळाव्या शतकात ‘जेंटल’ला आजचा मृदुतेचा अर्थ चिकटला. एकोणिसाव्या शतकात संत जॉन हेन्री न्यूमन यांनी 1852 साली विद्यापीठ-शिक्षणावरील व्याख्यानांत जेंटलमनची ओळख सांगितली, ती जवळजवळ अशी की, जो दुसऱ्यास दुखवीत नाही तो. त्यात वडिलांचे नाव नाही, जमीन नाही, अंगरखाही नाही.

आता शेवटी मराठीकडे येतो. मारकी नसलेली गाय विकत घेताना आपण काय म्हणतो? ‘गाय मोठी गरीब आहे हो!’ शांत मुलासही आपण गरीब स्वभावाचा म्हणतो. इंग्रजाने ज्या गुणासाठी श्रीमंताच्या वाड्यातला शब्द उचलला, त्यासाठी आपण दरिद्र्याच्या झोपडीतला उचलला. एवढेच नव्हे. ‘गरीब’ हा मूळचा अरबी शब्द, आणि अरबीत त्याचा अर्थ परका, मुलखाबाहेरचा माणूस. तेव्हा एक शब्द ‘आपल्या कुळातला’ येथून निघाला, दुसरा ‘परका’ येथून निघाला, आणि शतकानुशतके चालून दोघे एकाच गुणापाशी येऊन थांबले!

बंधुभगिनींनो, हा व्याकरणाचा योगायोग असेल. पण आज महोत्सवाच्या दिवशी तो मला विचारात पाडतो. आपल्या माणसांशी आपण सारेच गोड बोलतो. आपल्या शेतावर राबणारा मजूर, घरी भांडी घासणारी बाई, गावात नव्याने भाड्याने राहावयास आलेले बिऱ्हाड, यांच्याशी बोलताना आपला आवाज कोणत्या क्रमांकाचा असतो? कूळ विचारून मगच मृदू होणारा मनुष्य या शब्दाच्या जुन्या अर्थाने जेंटल असेल, आजच्या अर्थाने नव्हे.

त्या मुलास माझे उत्तर हे : ‘बाळ, जेंटलमन म्हणजे मवाळ माणूस नव्हे. ज्याच्या हातात छडी आहे आणि जो ती उगारीत नाही, तो.’ याच्या पुढचे एक वाक्य मी त्या दिवशीच म्हणावयास हवे होते. ते असे की, ‘आता बाकावरून खाली ये.’