ऑर्गनपाशी बसलेली आई : अल्बर्टा विल्यम्स किंग
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



संस्थेचा इतिहास लिहिताना संस्थापक, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांची नावे आधी येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु एखादी संस्था साठ वर्षे उभी राहते ती केवळ या नावांवर नव्हे. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येऊन आपले काम करणारी आणि सभा संपताच घरी जाणारी काही माणसे तिच्यामागे असतात. अशाच एका स्त्रीचे चरित्र या प्रसंगी स्मरणीय आहे. ती अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातील होती. तिचा मुलगा मार्टिन ल्यूथर किंग साऱ्या जगाला ठाऊक आहे. तिचे स्वतःचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत असते. ते नाव अल्बर्टा विल्यम्स किंग.

अल्बर्टाबाईंचा जन्म 13 सप्टेंबर 1904 रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात झाला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. याच मुक्तीच्या कार्याबद्दल महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. परंतु बेड्या तुटल्या तरी पंक्तिभेद उरला. दक्षिणेतील राज्यांत शाळा, गाड्या, उपाहारगृहे, पाण्याचे नळदेखील वर्णानुसार वेगळे होते, आणि कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येई ते नेहमीच उणे असे. अशा शहरात त्या समाजाच्या पूर्ण मालकीची मोठी संस्था म्हणजे त्याचे चर्च. प्रार्थना तेथे होई, तशाच सभा, वर्गण्या, शिक्षणाची खटपट आणि संगीतही तेथेच.

अल्बर्टाबाईंचे वडील ए. डी. विल्यम्स हे गुलामांच्या कुटुंबात जन्मलेले. 1894 मध्ये ते एबनेझर बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक झाले तेव्हा सभासद मोजकेच होते. त्यांनी ते वाढवले, आणि त्याबरोबर शाळेचा प्रश्नही हाती घेतला. अटलांटात कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही सरकारी माध्यमिक शाळा नव्हती. त्यांच्यासारख्यांच्या चळवळीनंतर बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल सुरू झाले, ते 1924 मध्ये. पुढे त्यांचा नातू मार्टिन त्याच शाळेत शिकला. मुलीला मात्र त्या शाळेचा लाभ मिळाला नाही. ती आधी स्पेलमन सेमिनरीत आणि नंतर दूर व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे शिकली आणि 1924 मध्ये अध्यापनाचे प्रमाणपत्र घेऊन परतली.

शिक्षिका होण्याची ही तयारी फार काळ उपयोगी पडली नाही. 25 नोव्हेंबर 1926 रोजी तिचा विवाह झाला, आणि विवाहित स्त्रीने शाळेत शिकवू नये असा तेथील शिक्षणमंडळाचा तेव्हाचा नियम होता. पती मायकेल किंग, जे पुढे मार्टिन ल्यूथर किंग (थोरले) या नावाने ओळखले गेले, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणाऱ्या शेतकऱ्याचे पुत्र. मोठ्या वयात पुन्हा शाळेच्या बाकावर बसून त्यांनी शिक्षण पुरे केले. ऑबर्न अॅव्हेन्यूवरील आईवडिलांच्याच घरात या जोडप्याचा संसार सुरू झाला आणि क्रिस्टीन, मार्टिन व आल्फ्रेड ही तीन मुले तेथे जन्मली. वर्गाचे दार बंद झाले म्हणून अल्बर्टाबाईंनी पुस्तक मिटले नाही. तीन मुलांची आई असताना, 1938 मध्ये, त्यांनी मॉरिस ब्राऊन कॉलेजची पदवी मिळवली.

1931 मध्ये वडील निवर्तले आणि चर्चची धुरा पतीकडे आली. पुढच्या वर्षापासून अल्बर्टाबाई चर्चच्या ऑर्गनवर बसू लागल्या. मराठी रसिकांना ऑर्गन परका नाही. संगीत नाटकात रंगमंचाच्या कडेला बसलेला वादक गायकाचा सूर कसा सांभाळतो, हे जुन्या श्रोत्यांना सांगावे लागत नाही. पद गाजते, टाळ्या गायकाला मिळतात. आधार मात्र ऑर्गनचा असतो. अल्बर्टाबाईंनी एबनेझरचा गायकवृंद उभा केला आणि 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे ऑर्गन सांभाळला. व्यासपीठावरून आधी पती आणि पुढे दोन्ही मुलगे बोलले. त्या पुढे होऊन बोलल्याच्या नोंदी फारशा नाहीत. पण चर्चमधील लहानथोर त्यांना ‘ममा किंग’ म्हणत, आणि हे नाव कोणत्याही निवडणुकीने मिळत नसते.

त्यांच्या मातृत्वाची एक आठवण मार्टिन यांनी पुढे लिहून ठेवली आहे. लहानपणी त्यांचा एक गौरवर्णीय सवंगडी होता. शाळेचे वय झाले, दोघांच्या शाळा वेगळ्या झाल्या, आणि त्या मुलाच्या घरच्यांनी एकत्र खेळणे बंद केले. कारण कळेनासे झालेल्या मुलाने घरी विचारले. आईने त्याला जवळ घेऊन गुलामगिरी, यादवी युद्ध आणि दक्षिणेतील भेदाभेद यांची हकिगत समजेल अशा शब्दांत सांगितली. ही ईश्वराने घालून दिलेली रीत नसून माणसांनी केलेली व्यवस्था आहे, हेही सांगितले. आणि शेवटी बजावले की, तू कोणाहूनही कमी नाहीस.

पालकांनी येथे क्षणभर थांबावे असे यात काही आहे. मुलाला दुःख होऊ नये म्हणून सत्य लपवणारे आईबाप असतात; सत्य सांगता सांगता मुलाच्या मनात न्यूनभाव किंवा द्वेष पेरणारेही असतात. अल्बर्टाबाईंनी अन्यायही सांगितला आणि मुलाचे मोलही सांगितले, दोन्ही एकाच बैठकीत. शाळा ज्या गोष्टी शिकवू शकत नव्हती, किंबहुना ज्यांच्या विरुद्ध शिकवत होती, त्या घराने शिकवल्या.

या शिकवणीचा प्रतिध्वनी पुढे भारतात उमटला. मार्टिन आणि त्यांच्या पत्नी कोरेटा 1959 मध्ये महिनाभर भारतात होते. त्रिवेंद्रम येथील एका शाळेत, जेथे अस्पृश्य गणल्या गेलेल्या कुटुंबांतील मुले शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य बांधव अशी करून दिली. ऐकताच आपल्याला धक्का बसला. मग आपल्या समाजाची स्थिती आठवली आणि ते म्हणणे खरे असल्याचे पटले, असे त्यांनी 1965 मध्ये एबनेझरच्याच व्यासपीठावरून सांगितले. कोणाहून कमी नाही असे ऐकत वाढलेल्या मनाला तो धक्का बसणारच. आणि अन्यायाची हकिगतही घरीच ऐकलेल्या मनाला ते सत्य मान्य करणे अवघड नव्हते.

मुले दूर गेली तरी आईचा हात सुटला नव्हता. मार्टिन पेन्सिल्व्हेनियात धर्मशास्त्र शिकत असता घरून दर आठवड्याला पाच डॉलर येत, आणि आपली आई जगात सर्वोत्तम आहे असे आपण मित्रांना सांगत असतो, असे त्यांनी 1948 मध्ये तिला पत्रातून कळवले. 1956 च्या जानेवारीत माँटगोमेरी येथे त्यांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हापासून पुढची बारा वर्षे या आईने कोणत्या काळजीत काढली असतील, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

4 एप्रिल 1968 रोजी मेम्फिस येथे मार्टिन यांची हत्या झाली. 21 जुलै 1969 रोजी धाकटा आल्फ्रेड घरच्या तलावात मृतावस्थेत आढळला. पंधरा महिन्यांत दोन्ही मुलगे गेले. अल्बर्टाबाईंनी ऑर्गन सोडला नाही. 30 जून 1974 च्या रविवारी त्या एबनेझरमध्ये ऑर्गनवर प्रभूची प्रार्थना वाजवत असताना एका तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने गोळीबार केला. त्यात त्या आणि चर्चचे एक सेवाभावी पदाधिकारी मृत्युमुखी पडले. त्यांचे वय एकोणसत्तर वर्षांचे होते.

यानंतर त्या कुटुंबाने केले ते विसरता येण्यासारखे नाही. मारेकऱ्यास मृत्युदंड झाला. कुटुंबाने मृत्युदंडाला विरोध केला. 1995 मध्ये ती शिक्षा जन्मठेपेत बदलली, त्यामागे हा विरोधही एक कारण होता. मुलगा आणि पत्नी दोघांनाही गोळीने हिरावून नेले असताना वृद्ध पतीने, आपण कोणाचाही द्वेष करणार नाही, असे जाहीरपणे सांगितले. ज्या घरात सहा वर्षांच्या मुलाला अन्याय सांगताना द्वेष शिकवला गेला नव्हता, त्या घराची ही कसोटी होती.

मुलगी क्रिस्टीन यांनी स्पेलमन कॉलेजात पन्नासहून अधिक वर्षे अध्यापन केले. आजी जेनी, आई अल्बर्टा आणि क्रिस्टीन या तिघीही त्याच संस्थेच्या विद्यार्थिनी. आईला विवाहामुळे जे काम सोडावे लागले, ते मुलीने आयुष्यभर केले.

अटलांटातील त्या समाजाने जे सोसले त्याची तुलना मराठी मुलखापासून दूर राहून मराठी शाळा चालवण्याच्या कष्टांशी करणे योग्य होणार नाही. परंतु समाज स्वतःची संस्था कशी धरून ठेवतो, हे दोन्हीकडे पाहता येते. या शाळेतही प्रार्थनेला पेटी वाजवणाऱ्या बाई, शुल्क थकलेल्या मुलाचे नाव पटावर टिकावे म्हणून घरोघर गेलेले गुरुजी, स्नेहसंमेलनाचे पोशाख रात्री जागून शिवणाऱ्या आया असतीलच. माजी विद्यार्थ्यांनी त्यांची नावे आठवून आताच लिहून काढावीत. सांगणारे आहेत तोवरच ती मिळतील.

ममा किंग यांच्या स्मृतीस, आणि या शाळेसाठी अशाच निष्ठेने झिजलेल्या सर्वांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.