विजेचा पहारा
(राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त विद्यार्थी, पालक व शिक्षकेतर कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



साठ वर्षांपूर्वीच्या इमारतींत वीज खेळली ती लाकडी पट्ट्यांवरून. जिन्याखाली लोखंडी मेन स्विच, शेजारी चिनीमातीचे फ्यूज. फ्यूज उडाला आणि वायरमन आला नाही, की एखादे धाडसी गृहस्थ हाती लागेल ती जाड तार गुंडाळून दिवे लावीत. त्यांचे कौतुकही होई. वस्तुतः त्या क्षणी फ्यूज नाममात्र उरलेला असे. आज त्या जागी एमसीबीच्या ओळी आल्या. त्यांत तार गुंडाळण्याची सोय नाही, हा मोठाच लाभ.

परंतु एमसीबी बसविला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, ही समजूत घातक आहे. एमसीबी राखतो तारांना, माणसाला नव्हे. ओलसर अंगाचा विरोध एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्ट दाबाने शरीरातून २३० मिलिअँपियर प्रवाह वाहतो. सहा अँपियरच्या एमसीबीच्या लेखी हा पन्नास वॅटचा एक दिवा! तो निवांत राहतो आणि तेवढ्यात हृदयाची लय बिघडते. सुमारे दहा मिलिअँपियरच्या पुढे तर हाताचे स्नायू आवळले जाऊन पकड सोडवत नाही.

शरीरावरील या परिणामांचा अभ्यास करणारे कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी १९६१ साली गळती ओळखणारे उपकरण सिद्ध केले. आपल्याकडील आरसीसीबी त्याच जातीचा. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तंतोतंत परत आला पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब. तीस मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे प्रवाह अन्य वाटेने, कदाचित कुणाच्या देहातून, जमिनीत उतरत आहे, असे मानून तो सेकंदाच्या तीन-दशांश भागात वीज तोडतो.

पावसाळ्यात ओल आली की तो वारंवार पडतो. मग ‘त्रास देतो’ म्हणून त्याला वगळून तारा थेट जोडल्या जातात. हा अपराध अडाणीपणाने कमी आणि कामाच्या घाईने अधिक घडतो. गळती शोधणे कष्टाचे आहे, पण तोच मार्ग आहे. उपकरणावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कित्येक ठिकाणी ते बसविल्यापासून कोणी दाबलेलेच नसते. शिवाय, जमिनीपासून अलग उभ्या माणसाने फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी धरले, तर हा पहारेकरीही फसतो.

थ्री-पिन प्लगची वरची पिन लांब का, हे विद्यार्थ्यांनी घरी पाहावे. ती अर्थिंगची पिन. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. कार्यक्रमाच्या मांडवात सॉकेटमध्ये उघड्या तारा काडीपेटीच्या काड्यांनी ठासल्या जातात, तेव्हा ही सारी योजना व्यर्थ होते.

बोर्डवर काम करणाऱ्याने आधी मेन स्विच बंद करावा, त्याला कुलूप घालावे, ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी, आणि तारेत वीज नाही याची खात्री करून मगच हात घालावा. टेस्टर चालू आहे की नाही, हे आधी जिवंत तारेवर पाहून ठेवावे. किल्ली कार्यालयात टांगू नये. ती त्या माणसाच्या खिशात असावी.