जवसाची चटणी आणि मेंदूतला राखणदार

आमच्या बचत गटातल्या एकीच्या घरी घडलं ते आधी सांगतो, मग शास्त्राकडे वळू.

तिच्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. घर धुळे तालुक्यात, सगळं आयुष्य कपाशीच्या वावरात गेलेलं. आधी वरणात दोनदा मीठ पडायला लागलं. मग बाजारातून परतताना वाट चुकायला लागली. घरचे म्हणाले, वय झालं, असं व्हायचंच. एका संध्याकाळी सुनेने चहा पुढे केला, तर तिच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "तू कोन शे?" पंचवीस वर्षं एका चुलीवर राबलेल्या सुनेला! ती आमच्याकडे येऊन रडली.

मग कुणीतरी बाजारातून जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल आणून दिल्या. विकणारा म्हणाला, मेंदूची सूज उतरते, पुण्याच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. महिन्याला बाराशे रुपये, असे चार महिने. रक्कम आम्हाला माहीत आहे, कारण उचल आमच्याच गटातून होती. म्हणून पुण्यात खरोखर काय झालंय, ते आम्ही समजून घ्यायचं ठरवलं.

ही सूज म्हणजे पाय मुरगळल्यावर येते तशी नव्हे. आपल्या मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. 1919 मध्ये रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश डॉक्टरांनी त्यांना हे नाव दिलं. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन राखणदार बसतो, तसं त्यांचं काम. जंतू आला, कचरा साचला, की त्या धावतात आणि गिळून टाकतात. पण कचरा हटतच नाही आणि राखणदार रात्रंदिवस गोफण फिरवत राहिला, तर पाखरं राहतात बाजूला आणि कणसंच झडतात. मेंदूत असा दाह वर्षानुवर्षं चालू राहिला की चांगल्या पेशींनाही इजा होते. वर राखणदार दमतो तो वेगळाच, त्याच्याकडून कचराही उचलला जात नाही.

हा कचरा कसला? अल्झायमर आजारात मेंदूत दोन प्रथिनांचे गोळे साचतात. एक अमायलॉइड, दुसरं टाऊ. डॉ. अल्झायमर यांनी 1906 मध्ये पहिल्यांदा हा आजार मांडला, तो एका बाईच्याच मेंदूत पाहून. दवाखान्यात आली तेव्हा ती अवघी 51 वर्षांची होती.

आता पुण्याकडे येऊ. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. सुभाषचंद्रबोस चिन्नतंबी यांच्या गटात स्मिता देसले यांनी यावर काम केलं. (देसले म्हटल्यावर आमच्यातल्या एकीने लगेच विचारलं, कोणत्या गावच्या? ते असू द्या.) त्यांनी मायक्रोग्लिया पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या, त्यात टाऊ टाकलं आणि सोबत अल्फा-लिनोलेनिक आम्ल दिलं. हे ओमेगा-3 प्रकारचं स्निग्ध आम्ल. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त तेच असतं. 2021 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. हे आम्ल मिळालेल्या पेशींनी टाऊ जास्त गिळलं, आत नेऊन ते मोडण्याच्या वाटेला लावलं, आणि पेशींची हालचालही वाढली. थोडक्यात, राखणदार पुन्हा कामाला लागला.

ऐकून आनंद झाला ना? आम्हालाही झाला. पण हे घडलं भांड्यातल्या पेशींत. माणसाच्या डोक्यात नाही. आपण खाल्लेलं जवस पोटातून, रक्तातून मेंदूपर्यंत किती पोचतं, हा पुढचा प्रश्न. मासळीच्या तेलात असतं ते डीएचए नावाचं ओमेगा-3 अमेरिकेत अल्झायमरच्या 402 रुग्णांना दीड वर्षाच्या चाचणीत देऊन पाहिलं. 2010 मध्ये निकाल आला. आजाराचा वेग कमी झाला नाही. शास्त्रज्ञांनी हे लपवलं नाही. लपवलं ते कॅप्सूल विकणाऱ्याने.

दुसरी चूक आपण स्वतः करतो. सूज म्हटलं की दुकानातून दुखण्याची गोळी आणतो. सांधेदुखीसाठी अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, असं लक्षात आल्यावर तिकडे 2001 मध्ये मोठी चाचणी सुरू झाली. हृदयाला धोका होईल या भीतीने 2004 मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि स्मरणशक्तीही काही वाचली नाही. तेव्हा विसरभोळेपणावर रोज दुखण्याची गोळी, हे करू नका.

मग करायचं काय? भारतात साठीपुढच्या दर शंभरात सातांहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश आहे, एकूण सुमारे 88 लाख, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त. आमच्या मैत्रिणीने शेवटी सासूबाईंना धुळ्याला सरकारी रुग्णालयात नेलं. रक्त तपासलं, तर बी-12 फारच कमी. थायरॉइड बिघडलेलं. कानाने ऐकू येत नव्हतं, ते तर घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा विसरण्याशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, न काढलेला मोतीबिंदू, एकटेपण, या सगळ्यांनी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. इलाज सुरू झाल्यावर थोडा फरक पडला. सगळं परत आलं नाही, खोटं कशाला सांगू? डॉक्टर म्हणाले, चार महिने आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. तेच चार महिने कॅप्सूलचे होते.

जवस सोडू मात्र नका. भाजून, कुटून खा; अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं. भाकरीवर चटणी म्हणून खायचं, औषध म्हणून नाही. आणि त्यासाठी बाराशे रुपये लागत नाहीत.

सासूबाईंना सुनेचं नाव कधी आठवतं, कधी नाही. पण खलबत्ता पुढे ठेवला की जवस, लसूण, मिरची यांचं प्रमाण त्यांच्या हाताला चुकत नाही. गटाच्या बैठकीला ती चटणी येते. मीठ तेवढं सून घालते.